चालू घडामोडींची वही : तारखेने लिहायची की विषयाने?

कोरीवही
नमस्कार मंडळी. एमपीएससीच्या (महाराष्ट्र लोकसेवा आयोग) संयुक्त पूर्व (गट ब आणि गट क) आणि राज्यसेवा पूर्व, दोन्ही परीक्षांसाठी चालू घडामोडींची एकच वही करायची आहे. रोज वर्तमानपत्र, महिनाअखेरीला एखादं मासिक, हा क्रम बहुतेकांचा असतोच. पण तारखेने लिहीत गेलं की वही फुगते आणि उजळणीच्या वेळी काहीच सापडत नाही. तर प्रश्न असे :

१. वही तारखेने की विषयाने?
२. परीक्षेच्या मागे किती महिने धरायचे?
३. पुरस्कार, नेमणुका, निर्देशांक यांत किती खोल जायचं?

जाणकारांनी नेमकं सांगावं. ‘रोज वाचत राहा’ हा सल्ला मिळालेला आहे.

उलटतपासणी
विषयाने. तारखेची वही म्हणजे वर्तमानपत्राची हस्तलिखित आवृत्ती, ती दुसऱ्यांदा कुणी वाचत नाही.

पान दोन भागांत करा. डावीकडे त्या विषयाचा स्थिर भाग, उजवीकडे बदल. उदाहरण म्हणून रेपो दराचं पान घ्या.

डावीकडे : रेपो दर ठरवणारी पतधोरण समिती, रिझर्व्ह बँक कायदा १९३४ मध्ये २०१६ साली दुरुस्ती करून आली. ६ सदस्य, ३ बँकेचे, ३ केंद्र सरकारने नेमलेले. समसमान मतं पडली तर गव्हर्नरचं निर्णायक मत. महागाईचं लक्ष्य ४ टक्के, २ वर, २ खाली. लक्ष्य सरकार ठरवतं, रिझर्व्ह बँकेशी सल्लामसलत करून, दर ५ वर्षांनी. सलग ३ तिमाही महागाई पट्ट्याबाहेर राहिली तर बँकेने सरकारला लेखी कारणं द्यायची.

उजवीकडे फक्त चार ओळी : फेब्रुवारी २०२५ ला ६.५० वरून ६.२५, एप्रिलला ६.००, जूनला ५.५०, डिसेंबरला ५.२५. पुढचा बदल आला की पाचवी ओळ. एसडीएफ (बँका रिझर्व्ह बँकेकडे जादा पैसा ठेवतात तो दर) आणि एमएसएफ (बँकांच्या तातडीच्या कर्जाचा दर) वेगळे पाठ करायला नकोत. रेपोच्या पाव टक्का खाली एसडीएफ, पाव टक्का वर एमएसएफ, आणि बँक दर एमएसएफइतकाच. म्हणजे रेपो ५.२५ असताना एसडीएफ ५.००, एमएसएफ ५.५०.

‘रेपो दर किती?’ असा सरळ प्रश्न क्वचित येतो. प्रश्न येतो विधानांचा, आणि त्यातली निम्मी विधानं डावीकडच्या भागातली असतात. बातमी हे फक्त निमित्त.

हजरजबाबी
दोनशे पानं लिहून झाल्याशिवाय हा प्रश्न कुणालाच पडत नाही. स्वागत आहे.

चौथा पर्याय
उलटतपासणी यांच्याशी अर्धाच सहमत. विषयाची वही ठीक, पण क्रम लावण्याचे प्रश्न तिच्यात बुडतात. ‘खालील घटना कालानुक्रमे लावा’ असं आलं की वेगवेगळ्या पानांवरच्या तारखा डोक्यात एका रेषेवर येत नाहीत. अवकाशाचंच बघा : चांद्रयान-३ चं अवतरण २३ ऑगस्ट २०२३, आदित्य-एल१ चं प्रक्षेपण २ सप्टेंबर २०२३, स्पेडेक्सच्या दोन उपग्रहांची अवकाशात जोडणी १६ जानेवारी २०२५, शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकाकडे २५ जून २०२५, निसार उपग्रहाचं प्रक्षेपण ३० जुलै २०२५. यात शेवटच्या दोन्हींत महिन्याभराचंच अंतर आहे, गोंधळ तिथेच होतो.

म्हणून माझं मत : विषयाची वही + महिन्याला एक पान, त्यावर १५ ते २० ओळी, प्रत्येक ओळीत तारीख आणि चार शब्द. बास.

उलटतपासणी
@चौथा पर्याय, तुम्ही दिलेलं उदाहरण माझ्याच बाजूचं निघालं. पाचही घटना ‘अवकाश’ या एकाच पानावर एकाखाली एक आहेत. आयोग क्रम लावायला देतो तेव्हा सहसा एकाच विषयातला देतो. रेपो दर, शुभांशु शुक्ला आणि साहित्य संमेलन असा क्रम कुणी लावायला सांगत नाही.

पण महिन्याच्या पानाला विरोध नाही. फक्त ते उजळणीसाठी करा, माहिती साठवायला नको.

आणि त्या पानावर तारखेबरोबर ‘कितवा’ हेही हवं. जोडणी जमवणारा भारत चौथा देश (अमेरिका, रशिया, चीन यांच्यानंतर). शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकात जाणारे पहिले भारतीय, पण अंतराळात जाणारे दुसरे. पहिले राकेश शर्मा, १९८४. ‘पहिले भारतीय अंतराळवीर’ असं विधान टाकून पकडतात.

गोदाकाठ
तिसऱ्या प्रश्नाबद्दल. पुरस्कार आणि निर्देशांकांत सगळ्यात जास्त गुण एकाच कारणाने जातात : वर्ष कुठलं?

मोहनलाल यांना दादासाहेब फाळके पुरस्कार प्रत्यक्ष मिळाला सप्टेंबर २०२५ मध्ये, पण पुरस्कार २०२३ चा. मिथुन चक्रवर्ती यांना दिला ऑक्टोबर २०२४ मध्ये, पुरस्कार २०२२ चा. विनोद कुमार शुक्ल यांचं ज्ञानपीठ जाहीर झालं मार्च २०२५ मध्ये, पुरस्कार ५९वा, वर्ष २०२४. वहीत दोन रकाने करा, ‘कुठल्या वर्षाचा’ आणि ‘कधी जाहीर’. एकच वर्ष लिहिलंत की सहा महिन्यांनी ते कुठलं हे तुम्हालाच कळणार नाही.

निर्देशांकांत तर तीन वर्षं असतात. मानव विकास अहवाल २०२५ मध्ये आला, आकडेवारी २०२३ ची, भारत १९३ देशांत १३०वा. आधीच्या अहवालात २०२२ साठी भारत १३४वा छापला होता, पण नव्या अहवालाने २०२२ चं स्थान सुधारून १३३ दिलं. दोन संकलनांत (चालू घडामोडींच्या तयार पुस्तकांत) दोन आकडे दिसतात आणि मुलं भांडत बसतात. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. आकड्यापुढे ‘कुठला अहवाल’ लिहिलं की भांडण मिटतं.

खोलीचं म्हणाल तर निर्देशांकासाठी पाच गोष्टी पुरतात : प्रसिद्ध कोण करतं, निकष कोणते, एकूण देश, भारताचं स्थान, पहिला देश. बाकी शेजाऱ्यांची स्थानं वगैरे सोडा. निकष मात्र सोडू नका. मानव विकास निर्देशांकात पैलू ३ पण निर्देशक ४ (शिक्षणाचे दोन), आणि जागतिक भूक निर्देशांकात ४ : कुपोषण, खुजेपणा, लुकडेपणा, बालमृत्यू. भारत २०२५ ला १२३ देशांत १०२वा. स्थान पुढच्या वर्षी बदलेल, निकष तेच राहतील. उजळणीचा वेळ तिकडे द्या.

हजरजबाबी
नोबेल राहिलं. २०२५ चं शांततेचं मारिया कोरिना माचादो, साहित्याचं लास्लो क्रास्नाहोर्काई. दुसरं नाव मराठीत तीन संकलनांत तीन प्रकारे छापलंय. परीक्षेत चौथा प्रकार येईल.

गोदाकाठ
@हजरजबाबी, हसून हसून पुरेवाट. म्हणूनच नावाबरोबर देश लिहायचा. हंगेरी लिहिलंय, हे ओळखून पर्याय सुटतो. २०२४ चे निहोन हिदांक्यो (जपान) आणि हान कांग (दक्षिण कोरिया) यांचंही तसंच.

विज्ञानाच्या नोबेलला व्यक्तीपेक्षा विषय लिहा. २०२५ : वैद्यकशास्त्र नियामक टी पेशी, रसायन धातू-सेंद्रिय चौकटी. २०२४ : वैद्यकशास्त्र सूक्ष्म आरएनए, भौतिकशास्त्र यंत्र शिक्षणाचा पाया. जोड्या लावा प्रकारात विषय कामाला येतो.

गडकरी बुरूज
महाराष्ट्राचं पान कुणीच काढलं नाही अजून, आणि राज्याच्या परीक्षेत तेच सगळ्यात भारी.

‘मराठा लष्करी भूप्रदेश’ जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आला, भारताचं ४४वं स्थळ. किल्ले १२, पैकी ११ महाराष्ट्रात, १ तमिळनाडूत (जिंजी). जिल्ह्यानुसार लिहा, किल्ल्यानुसार नको :

पुणे ३ : शिवनेरी, लोहगड, राजगड
रायगड २ : रायगड, खांदेरी
सिंधुदुर्ग २ : सिंधुदुर्ग, विजयदुर्ग
नाशिक साल्हेर, सातारा प्रतापगड, रत्नागिरी सुवर्णदुर्ग, कोल्हापूर पन्हाळा.

सापळा ‘यात नसलेला किल्ला ओळखा’ असाच असणार. सिंहगड आणि तोरणा यादीत नाहीत. भावनेच्या भरात खूण करू नये.

याच पानाच्या डावीकडे महाराष्ट्रातली आधीची स्थळं : अजिंठा आणि वेरूळ १९८३, घारापुरी १९८७, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४, मुंबईतल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारती २०१८. आणि पश्चिम घाट २०१२, हे नैसर्गिक स्थळ, बाकी सगळी सांस्कृतिक. पश्चिम घाटात महाराष्ट्रातून कास, कोयना, चांदोली, राधानगरी. ४३वं स्थळ आसाममधलं मोईदाम (२०२४), म्हणजे मागचा दुवाही लागला.

चौथा पर्याय
+१. यात अभिजात भाषा जोडा. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीबरोबर पाली, प्राकृत, आसामी, बंगाली. एकूण ११. आधीच्या ६ चा क्रम : तमिळ २००४, संस्कृत २००५, तेलुगू आणि कन्नड २००८, मल्याळम २०१३, ओडिया २०१४. दर्जा देतं केंद्रीय मंत्रिमंडळ, राज्यघटनेत या दर्जाची तरतूद नाही. आठव्या अनुसूचीशी घोळ घालू नका. पाली आणि प्राकृत आठव्या अनुसूचीत नाहीत तरी अभिजात आहेत. विधान-प्रश्नासाठी इतकं सोयीचं वाक्य दुसरं मिळणार नाही.

कलमबहाद्दर
घटनादुरुस्तीत विधेयक क्रमांक आणि दुरुस्ती क्रमांक हे दोन वेगळे. १२७वं विधेयक म्हणजे १०५वी दुरुस्ती (२०२१, मागास वर्गांची यादी करण्याचा राज्यांचा अधिकार). १२८वं विधेयक म्हणजे १०६वी दुरुस्ती (२०२३, महिला आरक्षण, कलम ३३०अ, ३३२अ, ३३४अ). १२९वं विधेयक (एकत्र निवडणुका) डिसेंबर २०२४ मध्ये मांडलं आणि संयुक्त समितीकडे गेलं. मांडलेलं विधेयक म्हणजे दुरुस्ती झाली असं समजून ‘१०७वी’ लिहिणारी संकलनं बाजारात आहेत.

महिला आरक्षणात आणखी एक : लोकसभा आणि राज्य विधानसभा (दिल्लीसह), पण राज्यसभा आणि विधान परिषद नाही.

नवे फौजदारी कायदे १ जुलै २०२४ पासून. भारतीय न्याय संहिता ३५८ कलमं (जुनं ५११), नागरिक सुरक्षा संहिता ५३१ (जुनं ४८४), साक्ष्य अधिनियम १७० (जुनं १६७). पहिल्यात कलमं घटली, उरलेल्या दोन्हींत वाढली. ‘तिन्हींत घटली’ हे विधान चूक.

जीएसटीचं सप्टेंबर २०२५ चं लिहिताना दर तेवढे लिहून थांबू नका. ५६वी बैठक, ३ सप्टेंबर. ५ आणि १८ हे मुख्य दर, ठरावीक वस्तूंवर ४०, बहुतेक बदल २२ सप्टेंबरपासून. डावीकडे : कलम २७९अ, १०१वी दुरुस्ती, अध्यक्ष केंद्रीय अर्थमंत्री, मतांचं वजन केंद्र एक तृतीयांश आणि राज्यं दोन तृतीयांश, निर्णयाला तीन चतुर्थांश. म्हणजे केंद्राशिवाय निर्णय होत नाही आणि केंद्र एकट्यानेही करू शकत नाही.

पावकी
अवांतर नाही, थेट गुणांचं आहे. राज्यसेवा पूर्वच्या सामान्य अध्ययनात १०० प्रश्न, २०० गुण, २ तास, म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. संयुक्त पूर्वला १०० प्रश्न, १०० गुण, १ तास, म्हणजे ३६ सेकंद. दोन्हींकडे चुकीला पाव वजावट.

आता हिशेब. चार पर्याय, काहीच माहीत नाही, डोळे झाकून खूण : एक चतुर्थांश वेळा +१, तीन चतुर्थांश वेळा −०.२५. सरासरी प्रश्नामागे +०.०६२५. एक पर्याय कापता आला तर +०.१६७, दोन कापले तर +०.३७५. केंद्राच्या आयोगात (यूपीएससी) वजावट एक तृतीयांश, तिथे डोळे झाकून मारलेल्याची सरासरी बरोबर शून्य. म्हणून चालू घडामोडीत राज्यात आणि केंद्रात एकच धोरण वापरणं चूक.

चौथा पर्याय
गणित बरोबर, पण हे गणित धरून चालतं की तुमची चूक निव्वळ दैवावर आहे. प्रश्न काढणारा तसा काढत नाही. तो अर्धवट आठवणाऱ्याला ओढेल असाच पर्याय ठेवतो. ब्रिक्स या देशगटाच्या सदस्यांच्या यादीत अर्जेंटिना असतो, कारण ऑगस्ट २०२३ मध्ये निमंत्रण गेल्याची बातमी सगळ्यांनी वाचलेली असते आणि नंतर तो आलाच नाही ही बातमी कुणी वाचलेली नसते. अर्धवट आठवणीने मारलेल्या खुणा डोळे झाकून मारलेल्यांपेक्षा वाईट निघू शकतात.

पावकी
मान्य. म्हणून सराव चाचणीत खुणेपुढे प्रकार लिहा : ख (खात्री), दोन (दोन पर्याय उरले), अं (अंदाज). पाच-सहा चाचण्यांनंतर ‘दोन’ वाल्या निम्म्याहून कमी बरोबर येत असतील तर दोष अंदाजाचा नाही, वहीत ‘पुढे काय झालं’ हा रकाना नाही.

खाकी
पोलीस भरतीसाठी एवढं लागतं का हो? १०० गुण, ९० मिनिटं, त्यात अंकगणित, बुद्धिमत्ता, व्याकरण, आणि सामान्य ज्ञानात चालू घडामोडी मिसळलेल्या.

गोदाकाठ
@खाकी, एवढं नाही. तिथे एका ओळीचे प्रश्न जास्त. नेमणुका, खेळ, राज्याच्या योजना, जिल्ह्यांची नवी नावं (छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर) आधी करा. खेळात दिव्या देशमुख (नागपूर, बुद्धिबळाचा महिला विश्वचषक, बातुमी, जुलै २०२५, भारताची ८८वी ग्रँडमास्टर), स्वप्नील कुसळे (पॅरिस ऑलिंपिक, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन, कांस्य), महिला क्रिकेट विश्वचषक (२ नोव्हेंबर २०२५, नवी मुंबई, दक्षिण आफ्रिकेवर विजय). योजनेला वय, उत्पन्न मर्यादा, रक्कम आणि सुरुवातीचं वर्ष. लाडकी बहीण : २१ ते ६५, अडीच लाख, महिना १५००, २०२४. निर्देशांकाचे निकष तुम्ही सोडू शकता.

पानपूरक
दुसऱ्या प्रश्नाला कुणी हातच लावला नाही.

परीक्षेच्या मागचे १२ महिने पूर्ण, त्यामागचे ६ महिने फक्त मोठ्या घटना. शेवटच्या तीन आठवड्यांच्या बातमीवर वेळ घालवू नका, प्रश्नपत्रिका तयार होऊन छापून पोचायला वेळ लागतो.

परीक्षा पुढे ढकलली की गणित बदलतं. राज्यसेवा पूर्व २०२४ ची तारीख सरकत सरकत २८ एप्रिलवरून १ डिसेंबरवर गेली. २०२५ ची २८ सप्टेंबरवरून ९ नोव्हेंबरवर. अशा वेळी प्रश्नसंच नवा की जुनाच, हे बाहेरच्याला सांगता येत नाही. म्हणून मूळ तारखेपासूनचे १२ महिने ठेवून वर नवे महिने जोडायचे. पुढे ढकलली म्हणून मागचे महिने फाडून टाकणारे थोडे नाहीत.

साधनांबद्दल : वर्तमानपत्र विषय कळायला, आकडा मात्र मुळातून. केंद्राचं पीआयबी (पत्र सूचना कार्यालय) मराठीतही येतं, राज्याचं महासंवाद (माहिती खात्याचं संकेतस्थळ), दरासाठी रिझर्व्ह बँकेचं पत्रक, कायद्यासाठी राजपत्र, राज्याच्या आकड्यांसाठी अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची आर्थिक पाहणी. प्रत्येक आकड्यासाठी नको, एवढा वेळ कुणाकडे आहे. दोन संकलनं भांडली की तेवढ्यापुरतं मुळाकडे जा आणि वहीत साधनाचं अक्षर टाका (पी, म, रि, रा). पहिल्या उत्तरतालिकेवर हरकत घ्यायची वेळ आली तर हेच अक्षर कामाला येतं. हरकतीला पुरावा लागतो, आणि खासगी संकलनाचं पान तिथे फारसं टिकत नाही.

हजरजबाबी
‘एका तासात वर्षभराच्या चालू घडामोडी’ या चित्रफिती मुळात धरायच्या का?

पानपूरक
जेवताना बघा. जेवणही होईल, उजळणीही. नवं काही त्यातून लिहून घेऊ नका. बोलताना ‘मंजूर’, ‘मांडलं’, ‘लागू’ हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली, संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ (लडाख आणि बर्फाच्छादित भागांत १ ऑक्टोबर २०२६). चित्रफितीत ‘२०२५ ची जनगणना’ ऐकू येतं.

कोरीवही
सगळ्यांचे आभार, बरंच मिळालं. पानं अशी ठरवली : राज्यघटना आणि कायदे, न्यायालय व आयोग, अर्थ, योजना, महाराष्ट्र, पर्यावरण, अवकाश व विज्ञान, संरक्षण, आंतरराष्ट्रीय संघटना, निर्देशांक, पुरस्कार, खेळ. प्रत्येकी आठ पानं, डावीकडे स्थिर, उजवीकडे बदल, शेवटी ‘पुढे काय झालं’. शिवाय महिन्याचं एक पान. नेमणुकांना वेगळं पान हवं का?

उलटतपासणी
नको. नेमणूक त्या-त्या पदाच्या पानावर. सी. पी. राधाकृष्णन उपराष्ट्रपती झाले (सप्टेंबर २०२५, १५वे) हे लिहिताना शेजारी कलम ६३ ते ७१, मतदार फक्त दोन्ही सभागृहांचे खासदार, नामनिर्देशित धरून. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत नामनिर्देशित नसतात आणि राज्यांचे आमदार असतात. वेगळ्या पानावर टाकलंत तर नाव राहील, फरक जाईल.

संघटनांना आठ पानं पुरणार नाहीत, बारा ठेवा. खेळाला चार पुरतात.

गोदाकाठ
आणि संघटनांच्या पानावर सदस्यसंख्येचा रकाना पेन्सिलने. नाटो ३२ (फिनलंड एप्रिल २०२३, स्वीडन मार्च २०२४), शांघाय सहकार्य संघटना १० (बेलारूस २०२४), आसियान ११ (तिमोर-लेस्ते, ऑक्टोबर २०२५), युरो वापरणारे २१ (बल्गेरिया, १ जानेवारी २०२६). ब्रिक्समध्ये २०२४ ला इजिप्त, इथिओपिया, इराण, संयुक्त अरब अमिराती. जानेवारी २०२५ ला इंडोनेशिया.

मुख्यालयाच्या रकान्यात ब्रिक्सपुढे शांघाय लिहू नका. तिथे न्यू डेव्हलपमेंट बँक आहे, ब्रिक्सला कायमचं मुख्यालय नाही.